कानामागून आलेली भिंगरी

मी एक म्हातारा कुत्रा आहे. अंगाचा रंग तपकिरी, पण तोंडाभोवती आता चुना फासल्यासारखा पांढरा झालो आहे. एक कान उभा राहतो, दुसरा राहत नाही. मित्रांनो, आमच्या लॉन्ड्रीत येणारी माणसं मला दाराशी पडलेला बघतात आणि म्हणतात, "किती गरीब स्वभावाचा आहे हो!" मी शेपटी हलवतो, कारण तशी रीत आहे. पण मी गरीब स्वभावाचा मुळीच नाही. मी जळका आहे. माझ्या माणसाचा हात दुसऱ्याच्या डोक्यावर गेला, की माझ्या अंगाचा तिळपापड होतो. वाटलं होतं, वयाबरोबर हे कमी होईल. झालं उलटंच. दात गेले, दृष्टी मंदावली, पण पोटातली आग जशीच्या तशी राहिली.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती एका ऊबदार भिंतीची. लॉन्ड्रीच्या मागच्या बोळात वाफेच्या बॉयलरची भिंत आहे. थंडीच्या दिवसांत मी तिला पाठ लावून पडून असायचो. एका सकाळी लॉन्ड्रीचे मालक कचऱ्याचा डबा ठेवायला मागे आले आणि मला अडखळले. त्यांनी मला उचलून उजेडात नेलं. तेव्हा माझं कातडं अंगाला मोठं होतं, कपाळावर घड्याच घड्या होत्या. ते म्हणाले, "जन्मभर लोकांच्या सुरकुत्या काढतोय मी. ही एक राहू दे." तेव्हापासून माझं नाव सुरकुत्या.

मालकांना सगळी गल्ली मामा म्हणते. ते नेमके कोणाचे मामा, हे कोणी विचारत नाही. त्यांच्या बायकोला अर्थातच मामी म्हणतात. मला पाहून मामी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "वकिलांच्या काळ्या कोटावर याचा एक केस जरी निघाला ना, तर तुम्ही दोघांनी बोळात राहायचं."

केस निघाले. पुष्कळ निघाले. मामी चिकटपट्टी बोटांना उलटी गुंडाळून ते टिपत राहिल्या, मला नावं ठेवत राहिल्या, आणि दुपारी आपल्या ताटातला शेवटचा घास मला देत राहिल्या.

मोठा झाल्यावर मला काम मिळालं. मामा इस्त्रीचे कपडे हँगरला लावत, त्यांवर पातळ प्लास्टिक चढवत, हँगरचे आकडे दोन बोटांत अडकवून तो भार पाठीवर टाकत आणि फेरीला निघत. मी पुढे, मामा मागे. आधी शेजारचा शिंपी, मग केशकर्तनालय, मग कोपरा, मग चढ. चढाच्या टोकाला निवृत्त शिक्षिका राहत. त्या दार उघडत, कपडे घेत आणि मला एक बिस्किट देत. ते बिस्किट मी कधी मागितलं नाही. पगार मागायचा नसतो, तो मिळतो.

धुतलेल्या कपड्याला तुम्हाला साबणाचा वास येतो. मला त्यातल्या माणसाचा येतो. एकदा दोन पांढऱ्या सदऱ्यांच्या चिठ्ठ्या गळून पडल्या होत्या. मामा रस्त्यात उभे राहून कधी हा सदरा बघत, कधी तो. मी एक हुंगला आणि न्हाव्याच्या दाराशी जाऊन बसलो. न्हाव्याने सदरा अंगात घातला, तो चपखल बसला. त्या दिवसानंतर मामा जो भेटेल त्याला सांगत, "धंद्यात भागीदार असावा तर असा." मी ऐकायचो आणि माझा उभा कान आणखी उभा व्हायचा. भागीदार! तो शब्द मी अनेक वर्षं चघळला आहे.

मग म्हातारपण आलं. ते दारातून सांगून येत नाही. आधी मी चढावर थोडा मागे पडू लागलो. मग सकाळी उठताना मागचे पाय लाकडासारखे वाटू लागले. त्याच सुमारास मामांनी दुकानातली जुनी खडबडीत फरशी काढली आणि चकचकीत फरशी बसवली. येणारं गिऱ्हाईक तिचं कौतुक करायचं. मी मात्र तिच्यावर पाय ठेवला की चारही पाय चार दिशांना जायचे. नाचता येईना अंगण वाकडं, असं तुम्ही म्हणाल. पण मित्रांनो, अंगण खरोखरच वाकडं होतं!

एका सकाळी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असताना मी घसरलो आणि बेडकासारखा पसरलो. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, "झालं बिचाऱ्याचं वय." हसण्यापेक्षा ते 'बिचारा' मला जास्त लागलं. त्यानंतर मी उठायचंच टाळू लागलो. पडताना कोणाला दिसू नये, म्हणून आधीच पडून राहावं, असा माझा हिशेब. मामा मला कडेवर घेऊन बाहेर नेऊ लागले. माझ्यासारख्या भागीदाराला बाळासारखं खांद्यावर टाकून चौकातल्या झाडाशी नेऊन ठेवायचं, याहून मोठी नाचक्की नाही. पण मला ती हळूहळू सवयीची झाली. वाईट गोष्टींची सवय फार लवकर होते.

शेवटी मामींनी प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी माझे पाय एकेक करून हलवून पाहिले, मांड्या चाचपल्या आणि विचारलं, "याला उचलून कोण नेतं?"

"मीच की," मामा छाती पुढे काढून म्हणाले. "जमिनीला पायच लागू देत नाही त्याचा."

"मग मायेनं लंगडा कराल तुम्ही त्याला."

मामांची छाती पुन्हा आत गेली.

"सांधे झिजलेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुखण्यावर गोळी देते. पण मागच्या मांड्या बघा, किती उतरल्यात. जो पाय वापरत नाही तो उतरत जातो. एकदा पार उतरला, की हा उठणार नाही. मग तुम्ही मला विचाराल, आता काय करायचं? माझ्याकडे एकच उत्तर असेल, आणि ते मला द्यायचं नाहीये."

मामांचा हात माझ्या मानेवर होता. तो हात तिथेच थांबला. मी माणसांची भाषा पूर्ण शिकलेलो नाही, पण थांबलेला हात मला कळतो.

डॉक्टरीणबाईंनी माझी वाढलेली नखं कापली, कारण नखं लांब असली की पंजा जमीन धरत नाही. वजन थोडं उतरवायला सांगितलं. घसरायला होणार नाही अशा चटया टाकायला सांगितल्या. आणि दिवसातून अनेकदा, थोडं थोडं चालवा म्हणाल्या. मामांनी लगेच रबरी चटया आणल्या आणि माझ्या जागेपासून दारापर्यंत अशा अंथरल्या, जणू कोणी राजा येणार आहे. मी त्या चटयांवरून दारापर्यंत जायचो. आणि दाराशी बसायचो. मामा पट्टा हलवायचे, शीळ घालायचे, चुचकारायचे, शेवटी ओढायचे. मी ढिम्म. बाहेरचे लोक मला ओळखत होते ते भागीदार म्हणून. मी लटपटताना त्यांना दिसायला नको होतो.

आणि अशा वेळी ती आली.

समोरच्या बेकरीवाल्याची कुत्री. जेमतेम मोठी झालेली, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, आणि एका जागी उभी राहायची शुद्ध नाही. स्वतःभोवती गरगर फिरायची म्हणून तिचं नाव भिंगरी. बेकरीवाला मैद्याची पोती उतरवताना शिडीवरून घसरला आणि त्याचा पाय प्लास्टरमध्ये गेला. खुर्चीवर बसल्या बसल्या तो रस्त्यापलीकडून ओरडला, "मामा, तुम्ही सकाळी फेरीला जाताच ना? हिला न्या हो बरोबर. नाहीतर ही बया मला वेडं करील!"

मामींनी इस्त्री उभी करून ठेवली. "अहो, त्याच्या डोळ्यांदेखत दुसरीला फिरवणार तुम्ही?"

"अगं, शेजारधर्म आहे. आणि सुरकुत्या येतो का? नाही ना येत?"

नाही ना येत. बरोबर होतं. म्हणूनच झोंबलं.

भिंगरीने आपली दोरी केव्हाच चावून टाकली होती. मामांनी खुंटीवरचा माझा पट्टा काढला आणि तिच्या गळ्यात अडकवला. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. मला दोन्हींचं दुःख होतं. मी मान भिंतीकडे वळवली, पण डोळा दाराकडेच ठेवला. ती निघाली ती उड्या मारत, मामांना ओढत. एकदा वळूनही पाहिलं नाही. तिने नव्हे हो, मामांनी!

ती दोघं परत आली तेव्हा मी मामांच्या विजारीचा वास घेतला आणि सगळी फेरी मला कळली. शिंप्याच्या दुकानातला खडू, न्हाव्याचं तेल, चढावरची धूळ. मग मी भिंगरीच्या तोंडाचा वास घेतला. बिस्किट! माझा पगार त्या कालच्या पोरीच्या पोटात गेला होता. वर ती सरळ आत आली, माझ्या भांड्यातलं पाणी चपाचपा प्यायली आणि माझ्या चटईवर आडवी झाली. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती हीच.

मामा घाम पुसत मामींना सांगत होते, "अगं, चढ काय चढते! मला ओढूनच नेते. गुडघे दुखायला वेळच देत नाही."

"अस्सं," मामी म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी झोपेचं सोंग घेतलं. पण त्या बाईला सोंग कळतं.

असे कितीतरी दिवस गेले. फेरी झाली की भिंगरी दिवसभर आमच्याकडेच असायची. मला अन्न गोड लागेना. मामा माझ्या डोक्यावर हात ठेवायचे तेव्हा मला त्या हाताला भिंगरीचा वास यायचा, आणि मी डोकं बाजूला घ्यायचो. ती माझ्याशी खेळायला यायची, समोरचे पाय पसरून बुड वर करायची. मी एकदा तिच्याकडे असं काही बघितलं, की ती स्वतःचीच शेपटी पकडायला निघून गेली.

एका सकाळी मात्र माझ्याने राहवलं नाही. मामा आणि भिंगरी नुकतीच बाहेर पडली होती. मामी आतल्या खोलीत चादरी प्रेसमध्ये घालत होत्या. मी उठलो. मागचे पाय थरथरले, पण मी त्यांना विचारलंच नाही. चटयांवरून दारापर्यंत गेलो, उंबऱ्यावर थांबलो, आणि रस्त्यावर पाऊल टाकलं.

शिंप्याच्या दारापर्यंत मला नुसत्या रागाने नेलं. न्हावी हातात वस्तरा घेऊन दारात आला आणि म्हणाला, "अरे, सुरकुत्या! कुठे निघाला एकटाच?" मी थांबलो नाही. कोपरा ओलांडला आणि वर पाहिलं. चढाच्या मध्यावर मामा दम खायला उभे होते. भिंगरी त्यांच्या पायाला टेकली होती. आणि मामांचा मोकळा हात तिच्या दोन कानांच्या मधोमध होता. ती जागा माझी. तिथे खाजवलं की किती बरं वाटतं, हे मामांना कळलं ते माझ्यामुळे.

मी धावलो. किती दिवसांनी धावलो! चढाला लागतो न लागतो तोच मागचे पाय माझ्याखालून निघून गेले आणि मी कुशीवर आपटलो. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं, पण आवाज निघून गेला.

मामांनी वळून पाहिलं. मित्रांनो, वकिलांचा काळा कोट, शिक्षिकाबाईंच्या चादरी, डॉक्टरांचे पांढरे डगले, सगळं त्यांनी होतं तिथे रस्त्यावर टाकलं आणि ते उतारावरून धावत आले. त्यांच्या आधी, पट्टा फरफटत, भिंगरी पोचली. ती माझा पडलेला कान चाटू लागली. मी तशा अवस्थेतही तिला दात दाखवले.

"अरे गाढवा," मामा माझ्याशेजारी मातीत बसून म्हणाले, "मी बोलावत होतो तेव्हा आला नाहीस. आता कशाला धावलास रे?" माझं दुखत होतं, तरी हे नोंदवून ठेवतो, की तेवढा वेळ त्यांचे दोन्ही हात माझ्यावर होते.

त्या दिवशी सगळे कपडे पुन्हा धुवावे लागले. मामींनी मामांना जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. डॉक्टरीणबाई आल्या, हाड शाबूत आहे म्हणाल्या, आणि विचारलं, "हा मागे गेला कशाला?"

मामी म्हणाल्या, "जळफळाट झाला त्याचा. दुसरं काय?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "मग मला काळजी कमी वाटते. चालावंसं वाटतंय, म्हणजे सगळं संपलेलं नाही. पण असा थंड अंगाने उठवून पळवू नका. आधी पाय शेकून मोकळे करा. सपाट रस्त्यावर न्या. दमायच्या आधी परत फिरवा. आणि वाटेत थांबून वास घ्यायचा असेल तर घेऊ द्या हो, ओढू नका. त्याचं वर्तमानपत्र आहे ते."

"शेकायचं?" मामी म्हणाल्या. "आमच्याकडे दुसरं आहे काय!"

दुखरा मुका मार बरा होईपर्यंत मी पडून होतो. मग एका सकाळी मामींनी वाफेच्या प्रेसमधून जाड टॉवेल काढला, घडी घातली, आधी आपल्या मनगटाला लावून पाहिला आणि चटईवर बसकण मारली. ज्यांनी माझ्या केसांपायी बोटं झिजवली होती, त्यांनी माझे मागचे पाय सरळ मांडीवर घेतले. टॉवेलाची ऊब हाडापर्यंत गेली. मग त्यांनी मांड्या हळूहळू चोळल्या, पाय वाकवले, सरळ केले. मला लाज वाटायला हवी होती. पण मला झोप आली.

"झोपू नकोस," मामी म्हणाल्या. "कामाला जायचंय. रिकामा कुत्रा आणि रिकामा नवरा, दोन्ही घरात जड होतात."

त्यांनी शिंप्याचा एक इस्त्रीचा सदरा हातावर घेतला आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. पट्टा नव्हता. तो भिंगरीच्या गळ्यात लांब कुठेतरी फिरत होता. मी उंबऱ्यापाशी घुटमळलो, मग बाहेर पडलो. शिंप्याचं दुकान ते केवढं लांब? शेजारी तर आहे. पण त्याच्या पायरीच्या अलीकडेच मला मामांचं आणि भिंगरीचं ते चढावरचं चित्र आठवलं, आणि मी खाली बसलो. म्हटलं, नाही जा. तिला चढ, आणि मला शेजारचं दार!

मला वाटलं, मामी ओढतील. मामी शिंप्याच्या पायरीवर बसल्या. "बरं झालं बसलास," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे तुझ्याहून वाईट आहेत. पण मला कोणी टॉवेल लावत नाही." मग त्या मला न जाणाऱ्या डागांबद्दल सांगू लागल्या. शाईचा कसा हट्टी, गंजाचा कसा त्याहून हट्टी, आणि मी कसा या दोघांच्या वरचा. सगळं बोलून झाल्यावर त्या उठल्या आणि माझ्याकडे न बघता आत शिरल्या. वाऱ्याबरोबर त्या सदऱ्याचा वास आला. खडू, धागा, शिंप्याचा घाम. तो सदरा त्याच्याच दारी जायचा होता आणि तो पोचवणारा मी होतो. मी उठलो. शिंप्याने मशीन थांबवून सदरा घेतला आणि मला म्हणाला, "या साहेब, फार दिवसांनी!"

मला पुढे न्हाव्याकडे जावंसं वाटलं. मामी माघारी वळल्या. "आज इतकंच. उद्यासाठी थोडी भूक ठेव."

मित्रांनो, ती बाई हुशार आहे. मला पोटभर चालू देत नाही, म्हणून मला चालावंसं वाटतं. काही दिवसांनी आम्ही न्हाव्यापर्यंत गेलो. मग कोपऱ्यापर्यंत. सकाळी थोडं, दुपारी थोडं, दुकान बंद करायच्या आधी थोडं. एखाद्या दिवशी सांधे फार धरले, तर मामी दारातच मला गोल फिरवून परत आणायच्या आणि म्हणायच्या, "हेही चालणंच." मी कुठल्याही खांबाशी थांबलो तर त्या थांबायच्या. वासात बातम्या असतात. कोण आलं होतं, कोण आजारी आहे, कोणाच्या घरी नवं मांजर आलं. आणि बहुतेक खांबांवर सगळ्यात वरची बातमी असायची भिंगरीची. मी प्रत्येक ठिकाणी तिच्यावर आपली बातमी लिहून पुढे जायचो. त्यापायी माझं किती चालणं वाढलं, ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नाही.

मामा फेरीवरून परत येत, तेव्हा मी दाराशी पडलेला नसे. मी उभा असे. पाय दुखले तरी उभा असे. मामा म्हणायचे, "वा रे भागीदार!" आणि मी भिंगरीकडे बघायचो.

आता गंमत ऐका. एके दिवशी भिंगरी लंगडायला लागली. पुढचा डावा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत ती दुकानात आली आणि आडवी झाली. मामांचं तोंड उतरलं. "लोकाची कुत्री! आता बेकरीवाल्याला काय सांगू?" त्यांनी पंजा पाहिला. काटा नाही, सूज नाही. मामींनी गरम टॉवेल आणून तिच्या पायाला लावला. तिने डोळे मिटले आणि असा सुस्कारा टाकला, की माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या.

"कुठला पाय?"

"डावा," मामा म्हणाले.

भिंगरी उठली आणि उजवा पाय उचलून लंगडत लंगडत त्यांच्यापर्यंत गेली.

डॉक्टरीणबाईंनी पिशवी खाली ठेवली आणि पोट धरून हसल्या. "हिला काहीही झालेलं नाही. हिला याच्यासारखा टॉवेल हवाय."

मी बसल्या जागी ताठ झालो. ती तरणीताठी, चढ एका दमात चढणारी, माझा पट्टा, माझं पाणी, माझं बिस्किट घेणारी. ती रोज कोपऱ्यात पडून माझ्या दुखऱ्या पायांकडे बघत होती आणि जळत होती! मला किती बरं वाटलं, ते सांगता येत नाही. त्या दिवशी जेवण चवीने खाल्लं.

पुढे बेकरीवाल्याचं प्लास्टर निघालं आणि भिंगरी आपल्या घरी गेली. अशा जागी गोष्टीतला कुत्रा उदास होतो, हे मला माहीत आहे. मी झालो नाही. पट्टा खुंटीवर परत आला, मला आनंद झाला. पण दुसऱ्या दिवशी मामींनी टॉवेल लावून पाय मोकळे केले, हाक मारली, आणि मला उठावंसंच वाटेना. शिंपी असेल तिथेच असेल. खांबांवर खोडण्यासारखं काही असणार नाही. कशाला उठायचं?

एक दिवस गेला, दुसरा गेला. मांडीवर हात फिरवताना मामींचा चेहरा बदलला. त्या मामांना म्हणाल्या, "अहो, पुन्हा पाय उतरायला लागले याचे. याचा शत्रू गेला ना."

मामांनी खुंटीवरचा पट्टा काढला, माझ्या गळ्यात अडकवला आणि दारात उभे राहून रस्त्यापलीकडे हाक दिली, "काय भिंगरी, येणार का फेरीला?"

मी उठलो. कसा उठलो ते मला कळलं नाही. मामा मला रस्ता ओलांडून सरळ बेकरीच्या पायरीसमोर घेऊन गेले. भिंगरी दाराशी बांधलेली होती. तिने मामांना पाहिलं आणि आनंदाने गरगर फिरली. मग तिने पट्टा पाहिला, पट्ट्याच्या टोकाला मला पाहिलं, आणि ती रडायला लागली. पायरीसमोर एक खांब आहे. मी त्याचा वास घेऊ लागलो. वरून घेतला, खालून घेतला, मागे जाऊन घेतला. मामा पाठीवर कपड्यांचा भार घेऊन उभे होते. "घे बाबा, सावकाश घे," ते म्हणाले.

तेव्हापासून आमची फेरी बेकरीवरूनच सुरू होते. मामा आता कपडे कमी घेतात आणि दोनदा जातात. सगळा चढ मी रोज चढत नाही. बऱ्या दिवशी अर्ध्यावर जातो, फार बऱ्या दिवशी टोकापर्यंत. टोकाला पोचलो त्या पहिल्या दिवशी शिक्षिकाबाईंनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि त्या बिस्किट आणायला आत गेल्या त्या लवकर बाहेरच आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचे डोळे लाल होते.

मित्रांनो, तुमच्याही घरात कोणी म्हातारा कुत्रा असेल. तो उठत नसेल तर तो आळशी आहे असं म्हणू नका, आणि मायेपोटी त्याला सारखं कडेवरही घेऊ नका. त्याचं काय दुखतं ते आधी डॉक्टरांना बघू द्या. त्याच्या पायाखाली काहीतरी खरखरीत अंथरा. त्याला थोडंच चालवा, पण रोज चालवा, आणि तो थांबला की तुम्हीही थांबा. त्याला काहीतरी काम द्या, ते कितीही लहान असो. आणि घरात दुसरं पिल्लू आलं, तर कुरवाळताना पहिला हात म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवा. आम्ही तेवढं बघत असतो.

आता मला निघायला हवं. टॉवेल लावून झाला आहे, मामा हँगर उचलतायत, आणि समोर भिंगरी जागी झाली आहे. मी चालतो आहे, हे तिने बघायला हवं.